महाडीबीटी: रक्कम खरी, तारीख बेभरवशाची

ऑगस्ट-सप्टेंबर हे दोन महिने सांगली-साताऱ्याच्या शेतकरी घरात हातात रोख नसण्याचे. आडसाली उसाची लागण नुकती उरकलेली असते. गेल्या हंगामाच्या बिलातून ३१ मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज भागवलेलं असतं. तासगाव-मिरजेकडे द्राक्षाची फळछाटणी आणि तिच्या मागोमाग फवारण्यांचा खर्च दारात उभा असतो. कारखान्याची मोळी पडायला, म्हणजे गाळप सुरू व्हायला, दिवाळीचा सुमार, हळदीचा पैसा फेब्रुवारीनंतर, बेदाण्याचा त्याहून उशिरा. आणि याच दोन महिन्यांत कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या आटोपून कॉलेजच्या खिडकीवर फी भरायची वेळ येते. उच्च शिक्षणासाठीची कोणतीही मदत या दोन महिन्यांत काय करते, यावरच जोखायला हवी. त्या कसोटीवर राज्याचं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं महाडीबीटी पोर्टल, मुलींची फीमाफी आणि शिष्यवृत्ती येईपर्यंतची खिंड लढवणारं शैक्षणिक कर्ज अशा तीन गोष्टी इथे एकत्र तपासल्या आहेत.

निकाल आधीच सांगतो. मिळणाऱ्या रकमेला पाचपैकी चार गुण. अर्ज भरण्याच्या सोयीला अडीच. रक्कम हातात पडण्याच्या तारखेला एक, तोही पैसे शेवटी येतात म्हणून.

महाडीबीटी २०१७-१८ पासून सुरू आहे. त्याआधी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रक्कम कॉलेजांमार्फत फिरायची. कागदावर विद्यार्थी दाखवून पैसे उचलल्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की राज्याला विशेष तपास पथक नेमावं लागलं. आधार, बँक खातं आणि प्रवेशाचा क्रमांक एकाच अर्जात बांधल्यामुळे तो मार्ग बऱ्याच अंशी बंद झाला, हे पोर्टलचं खरं काम आहे आणि त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण अशा वेगवेगळ्या विभागांच्या योजना एका लॉगिनमध्ये दिसतात, हीसुद्धा लहान सोय नाही.

आता मिळतं काय ते पाहू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते, म्हणजे फी अधिक निर्वाह भत्ता. उत्पन्न त्यापुढे असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त फीची माफी. विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला शिक्षण शुल्क पूर्ण, ओबीसी मुलांना निम्मं. खुल्या, आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस) आणि सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) प्रवर्गातल्या आठ लाखांपर्यंतच्या घरांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तीही मुलांना निम्मी. मुलींसाठी मोठा बदल ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने झाला. आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झालं. पूर्वी हेही निम्मंच होतं.

‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच वाक्य गावोगाव पोचलं, त्यातल्या अटी पोचल्या नाहीत. पहिली अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश यातून वगळलेले आहेत. हव्या त्या शाखेच्या आशेने कॅपमधली जागा सोडली आणि संस्थास्तरावर प्रवेश घेतला, तर चार वर्षांची माफी त्या एका सहीत जाते. फेऱ्यांनंतर उरलेल्या जागेवर प्रवेश घेत असाल तर प्रवेशपत्रावर कोणता प्रकार छापला जाणार आहे, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. दुसरी अट संस्थेबद्दलची. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या निर्णयात येत नाहीत. कॉलेजच्या पाटीवर ‘विद्यापीठ’ हा शब्द असेल तर ते कोणत्या कायद्याखालचं, हे आधी पाहायचं.

तिसरी गोष्ट अट नव्हे, पण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतो. माफी शिक्षण शुल्काची आहे, एकूण फीची नाही. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ च्या कायद्याने ते काम त्याच्याकडे आलं. मंजूर आकड्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. समजा, एका शाखेला शिक्षण शुल्क ९० हजार आणि विकास शुल्क १० हजार मंजूर आहे. मुलीचे ९० हजार माफ होतील, १० हजार भरावे लागतील. शाहू योजनेतल्या मुलाला ४५ हजारांची सवलत मिळेल आणि ५५ हजार भरावे लागतील. वसतिगृह, मेस, बस, अनामत रक्कम हे सगळं त्याच्याही बाहेर. म्हणून कॉलेजने दिलेल्या फीच्या चिठ्ठीवरचा आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच्या त्या वर्षाच्या, त्या शाखेच्या आकड्याशी ताडून पाहायचा. त्यापेक्षा जास्त मागणं बेकायदेशीर आहे. देणगीच्या नावाने मागणी झाली तर १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदाही लागतो.

हा सगळा फीचा पसारा मुळात आला कुठून, तर आपल्याच जिल्ह्यातून. १९८३ मध्ये सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी या पट्ट्यात सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय कॉलेज, एवढ्याच वाटा होत्या. त्या निर्णयामुळे ग्रामीण मुलांना घराजवळ जागा मिळाल्या, हे मान्यच केलं पाहिजे. पण जागेचा खर्च सरकारकडून घराकडे सरकला, आणि पुढची चाळीस वर्षं न्यायालयं आणि सरकार तो खर्च कुणी किती उचलायचा याच प्रश्नाशी झगडत आहेत. खाजगी कॉलेजांच्या प्रवेश-फीबद्दलचे सर्वोच्च न्यायालयातले २००२ चा टी. एम. ए. पै खटला आणि २००५ चा इनामदार खटला, आणि २०१५ चा राज्याचा कायदा ही त्याच वाटेवरची ठाणी. शिष्यवृत्ती म्हणजे त्या सरकलेल्या खर्चाची परतफेड आहे, असं पाहिलं की उशीर एवढा का बोचतो ते कळतं.

अर्जाकडे वळू. प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृहाचा तपशील असे भाग आहेत. कागदपत्रं २५६ केबीच्या आत बसवून चढवायची. मोबाइलवर काढलेला फोटो बहुतेक वेळा यापेक्षा मोठा असतो, आणि तो दाबून लहान केला की तहसीलदारांचा शिक्का वाचता येत नाही. तपासणारा लिपिक मग ‘अस्पष्ट कागद’ म्हणून अर्ज परत पाठवतो. कागद स्कॅनरवर कृष्णधवल करून घ्यायचा, कडा कापायच्या, मग फाइल लहान होते आणि अक्षरही राहतं.

मोबाइल नंबर हा या अर्जातला सगळ्यात दुर्लक्षित कच्चा दुवा. सांगलीचं विश्रामबाग असो की साताऱ्याचा पोवई नाका, कॉलेजांच्या आसपास अर्ज भरून देणारी दुकानं आहेत आणि गर्दीच्या दिवसांत त्यांचा उपयोगही होतो. पण घाईत दुकानाचाच नंबर किंवा दुकानात तेवढ्यापुरता उघडलेला ई-मेल टाकला जातो. पुढे अर्ज ‘सेंड बॅक’ झाला की निरोप त्या नंबरवर जातो. विद्यार्थ्याला वाटतं अर्ज वर गेला आहे, आणि मुदत संपते. दुकानातून उठण्याआधी तीन गोष्टी स्वतःच्या वहीत उतरवायच्या: युजर आयडी, पासवर्ड आणि अर्ज क्रमांक. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहायची. अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडे आहे, प्राचार्यांकडे आहे की विभागाकडे, ते तिथे दिसतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो आणि तो त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच चालतो. जून-जुलैमध्ये सेतू केंद्रावर सगळा तालुका एकाच वेळी उभा असतो. सेवा हमी कायद्याने मुदत ठरलेली असली तरी चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की एप्रिल-मे महिन्यातच दाखला काढून ठेवावा. आई आणि वडील दोघांचंही उत्पन्न धरलं जातं. दोघांपैकी एक नोकरीत असेल आणि दाखल्यात फक्त शेतीचं उत्पन्न लिहिलं असेल, तर ती चूक छाननीत पकडली जाते.

नावाची जुळणी हा आणखी एक खड्डा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. यंत्राला ही तीन माणसं वाटू शकतात. आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्यायचं आणि बँकेत तेच लावायचं. उलट क्रमाने गेलात तर दोनदा हेलपाटा.

सगळ्यात जास्त पैसे मात्र अडकतात ते बँकेच्या टप्प्यावर, आणि तिथली गोम समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘माझं आधार खात्याला लिंक आहे’ असं बहुतेक जण सांगतात. शाखेने केवायसीसाठी आधार घेतलं म्हणजे ते खातं डीबीटीसाठी (सरकारी रक्कम थेट जमा होण्यासाठी) पात्र झालं असं होत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जाते. एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या मॅपर नावाच्या यादीत त्या आधारपुढे ज्या एका बँकेचं नाव शेवटचं नोंदलेलं असेल, तिथे ती पडते. विद्यार्थ्याचं जिल्हा बँकेत एक खातं, कॉलेजजवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेत दुसरं, आणि एखाद्या शिबिरात पोस्ट पेमेंट्स बँकेत उघडलेलं तिसरं असेल, तर रक्कम तिसऱ्यात जाऊन बसू शकते. विद्यार्थी मात्र दुसऱ्या खात्याचं पासबुक भरत राहतो.

तपासायचं कसं? माय-आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी देऊन बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कोणती बँक जोडलेली आहे याची, स्थिती पाहता येते. साध्या फोनवरून *९९*९९*१# डायल करून आधार क्रमांक दिला तरी कोणती बँक जोडलेली आहे ते कळतं. बँक चुकीची असेल किंवा नोंदच नसेल तर हव्या त्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज द्यायचा, त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहायचं आणि पोच घ्यायची. तोंडी ‘लिंक करून द्या’ म्हटलं तर पुन्हा केवायसीच होते. शाळेत असताना उघडलेलं अज्ञान खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नवी केवायसी आणि नवी सही करावी लागते, नाहीतर व्यवहार थांबतात. कमी कागदांवर उघडलेल्या ‘लहान खात्या’ला वेगळी मर्यादा असते: शिल्लक ५० हजारांपुढे जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. सरकारी अनुदान किंवा लाभ जमा होताना शिल्लकीची ही मर्यादा मात्र धरली जात नाही.

रक्कम मंजूर झाल्यावर पोर्टलवर ‘रिडीम’ची (रक्कम खात्यात मागवण्याची) पायरी दिसली तर ती आधार ओटीपीने पूर्ण करायची. अनेकांचा अर्ज मंजूर होऊन या एका बटणाशी पडून राहतो. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्यातली फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरखर्चाला वापरली गेली तर कॉलेज पुढच्या वर्षी नो-ड्यूज (थकबाकी नसल्याचा दाखला) अडवतं. खात्यावर काय आलं आणि ते कशाचं, हे त्याच दिवशी वेगळं करून ठेवावं.

वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज विसरू नये. शाहू योजनेबरोबर तो चालतो. अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी तो आहे. त्यामुळे तलाठी-तहसीलचा अल्पभूधारक दाखला आणि राहण्याचा पुरावा, दोन्ही लागतात. जत, आटपाडी, माण, खटाव इकडच्या मुलांना फीपेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च जास्त जड जातो, आणि नेमका हाच अर्ज अनेकदा भरायचा राहून जातो.

अर्ज अडला तर कुणाचं दार ठोठवायचं? इंजिनिअरिंग, फार्मसी, पॉलिटेक्निकच्या अर्जांसाठी तंत्रशिक्षणाचं पुणे विभागीय सहसंचालक कार्यालय. बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी उच्च शिक्षणाचं कोल्हापूर विभागीय सहसंचालक कार्यालय. अनुसूचित जातीच्या योजनांसाठी जिल्ह्याचं समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालय, सांगलीकरांना सांगलीत आणि सातारकरांना साताऱ्यात. चुकीच्या दारात गेलेला दिवस फुकट जातो, म्हणून आधी पोर्टलवर योजनेच्या नावाखाली विभागाचं नाव वाचायचं. जाताना अर्ज क्रमांक, स्थितीचा छापील कागद आणि सीडिंगचा पुरावा सोबत ठेवला की ‘बँकेत विचारा’ हे उत्तर मिळत नाही.

आता तारखेचा प्रश्न. इतकं सगळं बिनचूक केलं तरी पैसे ऑगस्टमध्ये येत नाहीत, कारण साखळीच तशी आहे. कॉलेजने त्या वर्षाची प्रत्येक शाखेची फी पोर्टलवर नोंदवून मंजूर करून घ्यावी लागते. कॅप संपल्यावर अर्ज उघडतात. मग लिपिक, प्राचार्य, विभाग अशी छाननी, मग निधी, तोही दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता येईपर्यंत अनेकदा पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडतं. मधल्या काळात कॉलेजने सवलतीइतकी फी मागू नये अशा सूचना सरकार देतं. पण विनाअनुदानित कॉलेजचे पगार त्याच फीतून निघतात. सरकारकडून येणारी सवलतीची प्रतिपूर्ती थकली की कॉलेज पालकाकडे वळतं, हमीपत्र मागतं किंवा ‘आत्ता भरा, आली की परत देऊ’ म्हणतं. कॉलेज चूक करतं हे खरं, पण त्याला त्या कोपऱ्यात ढकलणारी गोष्ट म्हणजे थकलेली प्रतिपूर्ती.

या उशिराची किंमत मोजता येते. ५० हजारांची सवलत दहा महिन्यांनी आली आणि तोवर घराने ते पैसे वर्षाला १० टक्क्यांच्या सोनेतारणावर उचलले, तर सुमारे ४,२०० रुपये व्याज गेलं. महिना दोन टक्क्यांनी हातउसने घेतले तर १० हजार. म्हणजे सवलतीचा पाचवा भाग सावकाराकडे. सरकारच्या हिशेबात ५० हजार दिलेले दिसतात, घराच्या हिशेबात ४० हजारच मिळालेले असतात.

खात्री आणि वेळ यांचं वजन रकमेइतकंच असतं, हे इतर देशांतल्या संशोधनातही दिसलं आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने कमी उत्पन्नाच्या हुशार मुलांना एक पत्र पाठवलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, वेगळा अर्ज नको. यातल्या बहुतेक मुलांना तशीही जवळपास तेवढी मदत मिळालीच असती. नवीन होतं ते आधी दिलेलं, विनाअट वचन. तरी अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण २६ वरून ६८ टक्क्यांवर आणि प्रवेश घेणाऱ्यांचं १२ वरून २७ टक्क्यांवर गेलं. दुसरा प्रयोग अमेरिकेतल्याच, कर भरून देणाऱ्या दुकानांतला. तिथे आलेल्या कुटुंबांना शिक्षणमदतीचा अर्ज जागेवर भरून दिला, तेव्हा दोन वर्षं कॉलेज पूर्ण करणाऱ्या मुलांचं प्रमाण ८ टक्के-बिंदूंनी वाढलं. ज्यांना फक्त माहितीचं पत्रक दिलं, त्यांच्यात फरक पडला नाही. म्हणजे ‘जनजागृती मेळाव्या’तल्या पत्रकांपेक्षा कॉलेजने जुलैमध्ये एक खोली, दोन संगणक आणि जाणकार लिपिक दिला तर त्याचा उपयोग जास्त. असा कक्ष जी कॉलेजं चालवतात, तिथे अर्ज चुकीपायी परत येण्याची शक्यता कमी. प्रवेश घेताना हा कक्ष आहे का, हे प्लेसमेंटच्या आकड्याइतक्याच आग्रहाने विचारावं.

साताऱ्याला हे बाहेरून शिकायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण या तत्त्वावर. वसतिगृहात आलेल्या मुलाच्या जेवणाची सोय त्याच दिवशी व्हायची, त्यासाठी वेळप्रसंगी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. शिवाजी विद्यापीठातल्या कमवा आणि शिका योजनेच्या रूपाने तो धागा आजही आहे. महाराष्ट्राचं उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणी प्रमाण (कॉलेजच्या वयोगटाच्या तुलनेत कॉलेजात असलेले) २०२१-२२ च्या सर्वेक्षणात ३५.३ टक्के होतं, देशाचं २८.४ टक्के. २०३५ पर्यंत ५० टक्के गाठायचं असेल तर पुढची मुलं जिथे घरात रोख कमी आहे अशाच घरांतून येणार आहेत. त्यांच्यासाठी वेळ चुकली की योजना चुकली.

राहिलं कर्ज. शैक्षणिक कर्जाच्या बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःची रक्कमही भरावी लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत हमी निधीचं छत्र आहे, म्हणजे बुडीत रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी सरकारी निधी देतो. तरीही शाखा जमिनीचा उतारा किंवा जामीनदार मागते, तेव्हा नकाराचं कारण लेखी मागा. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केलेला असेल तर त्याची नोंद राहते. पालक सहकर्जदार असतात, त्यामुळे वडिलांचं थकलेलं पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचा चुकलेला हप्ता सिबिलच्या पत अहवालात आडवा येतो. अर्जाआधी तो अहवाल काढून पाहा.

व्याज कसं चढतं ते पाहू. चार वर्षं दरवर्षी एक लाख, दर ९ टक्के सरळव्याज, अभ्यासक्रमानंतर एक वर्ष सूट असं धरू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं ४५ हजार, मग ३६, २७ आणि १८ हजार, मिळून १ लाख २६ हजार. हप्ता सुरू होताना कर्ज चार लाखांचं राहत नाही, ५ लाख २६ हजारांचं होतं. दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता सुमारे ६,६६० रुपये बसतो. शिकतानाच व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना ७५०, दुसऱ्या वर्षी १,५००, तिसऱ्या वर्षी २,२५० आणि शेवटच्या दोन वर्षांत ३,००० असं, तर हप्ता ५,०७० च्या आसपास राहतो. असं व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्यांना काही बँका एक टक्का सूटही देतात, ती मागून घ्यायची. साखर कारखान्याच्या बिलातून वर्षाचं व्याज एकरकमी भरणं शेतकऱ्याला सोपं जातं, तसं शाखेशी आधी बोलून ठेवावं.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम मानांकित संस्थेतला व्यावसायिक असेल, तर सूटकाळातलं (अभ्यासक्रम अधिक एक वर्ष) पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंतच्या घरांना दहा लाखांच्या कर्जावर सूटकाळात ३ टक्के व्याजसवलत आहे. वरच्या उदाहरणात ती ४२ हजारांची झाली. पण कॉलेज त्या योजनेच्या यादीत असावं लागतं. सुरुवातीला देशभरातल्या ८६० संस्था त्यात घेतल्या, जवळच्या साध्या पदवी कॉलेजात ही सवलत मिळेल असं समजू नका. दुसरी मेख जास्त महत्त्वाची: दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीला किंवा व्याजसवलतीला पात्र असलेल्याला ही ३ टक्के सवलत मिळत नाही. म्हणजे महाडीबीटीची शिष्यवृत्ती उशिरा येणार म्हणून तेवढ्यासाठी कर्ज काढलं, तर त्या कर्जाचं व्याज घराच्याच माथी. दोन्ही हातांत लाडू नाहीत. इतर मागासवर्गीयांना राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजना हा वेगळा मार्ग आहे, मात्र त्यात व्याज आधी स्वतः भरावं लागतं.

त्यामुळे सवलतीला पात्र विद्यार्थ्याने कर्ज फक्त न माफ होणाऱ्या खर्चापुरतं, म्हणजे विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि लॅपटॉप यांच्यापुरतं मंजूर करून घ्यावं. मंजुरी पूर्ण अभ्यासक्रमाची घ्यायची, उचल दरवर्षी गरजेएवढीच करायची, कारण व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. कॉलेजने फी आधी भरायलाच लावली, तर पावतीवर ‘शिष्यवृत्ती प्राप्त झाल्यावर परतावा देय’ असा शेरा आणि सही-शिक्का घ्यायचा. रक्कम परत आली की तीच कर्जात भरायची. शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. आणि त्या पावतीची झेरॉक्स उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवायची, पुढच्या जुलैच्या नूतनीकरण अर्जाच्या वेळी ती हाताशी हवी, दाखला मात्र नव्या आर्थिक वर्षाचा लागेल.